बुधवार-शुक्रवारचं रात्रीचं जेवण: चिकन आणि भात एकाच वाडग्यात

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९.५०)

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. नाशिकमध्ये बऱ्याच घरांत असंच असेल. रविवारी वेळ असतो, कांदा-खोबरं निवांत भाजता येतं, काळ्या रश्शाला तासभर मंद आचेवर ठेवता येतं. अडचण असते ती मधल्या वारांची. सातपूरहून सुटून द्वारका ओलांडून नाशिकरोडला पोचेपर्यंत साडेसात वाजतात. तिथून पुढे वाटण, रस्सा आणि भाकरी म्हणजे जेवायला दहा. तोवर मुलं बिस्किटं खाऊन पोट भरून बसतात. त्यामुळे बुधवारी चिकन एकतर बाहेरून येतं, नाहीतर होतच नाही.

माझं म्हणणं असं की रविवारचाच रस्सा घाईघाईत उरकायच्या भानगडीत मधल्या वारी पडूच नये. त्या दिवसाची रीतच वेगळी ठेवावी. हाड काढलेलं मांस, तव्यावर भाजलेलं. खाली गरम भात, वर काहीतरी आंबट आणि काहीतरी कच्चं, करकरीत. आणि तव्यात सुटलेला रस भातावर. हा रस सगळ्यात महत्त्वाचा, तो नसेल तर कोरडं चिकन आणि कोरडा भात घशाखाली उतरत नाही.

चार जणांसाठी एक किलो लेग पीस घ्या आणि दुकानदाराकडून तिथेच हाड काढून घ्या. साधारण ६०० ते ६५० ग्रॅम मांस मिळतं. ब्रेस्ट नको. ब्रेस्टला चरबी कमी, दोन मिनिटं जास्त झाली की चोथा होतो. मांडीचं मांस तेवढं सोसतं, आणि दमून आल्यावर स्वयंपाक करताना ही सवलत फार मोलाची असते. हाडंही मागून घ्या, त्यांचं काम पुढे सांगते.

मांस आदल्या रात्री मुरवायचं. एक सपाट चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आलं-लसूण, तीन मोठे चमचे घट्ट दही, दीड-दोन चमचे काळा मसाला, चवीपुरतं तिखट, चमचाभर तेल. दह्यात अर्धा चमचा बेसन कालवून घ्या, म्हणजे नंतर रस फाटत नाही. लिंबू या वेळी अजिबात नाही. रात्रभर लिंबात राहिलेलं चिकन वरून पिठूळ होतं. डब्याला घट्ट झाकण लावून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचं, म्हणजे चुकून गळलं तरी भाजीवर किंवा दुधावर पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या दोन वाट्या तांदूळ धुऊन भिजत घालायचे आणि चिकनचा डबा बाहेर काढायचा. मग हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, चहा घ्यायचा. वीस मिनिटांनी कुकर लावायचा आणि तो एका शेगडीवर असताना दुसरीवर तवा. खोलगट तवा किंवा बिडाची कढई उत्तम. दोन चमचे तेल चांगलं तापू द्या. चिकनला लागलेलं जास्तीचं दही बोटांनी निपटून डब्यातच राहू द्या. तुकडे मोठेच ठेवायचे, पसरून, एकमेकांना न चिकटता. पाच-सहा मिनिटं हातही लावायचा नाही. खालून खरपूस झालं की ते आपोआप तव्यापासून सुटतं. सुटत नसेल तर अजून थांबा. उलटून आणखी चार-पाच मिनिटं. मग ताटात काढून ठेवायचं आणि पाच मिनिटं कापायचं नाही.

त्याच तव्यात एक कांदा उभा चिरून परतायचा. डब्यात राहिलेलं दही-मसाला पाऊण वाटी पाण्यात कालवून ओतायचं आणि तळाला चिकटलेलं सगळं उलथण्याने खरवडत तीन-चार मिनिटं खळाखळा उकळायचं. कच्च्या चिकनला लागलेला मसाला आहे, नुसता कोमट करून चालणार नाही. ताटात चिकनचा जो रस सुटलेला असतो तोही यातच.

वाडग्यात भात, त्यावर तिरपे कापलेले चिकनचे काप, वरून रस, बाजूला काकडी-गाजराच्या कोशिंबिरीसारखं काहीतरी, कोथिंबीर, आणि आता लिंबू. कुकर लावल्यापासून पस्तीस मिनिटांत मंडळी जेवायला बसतात.

तुमच्याकडे काय करतात तेही सांगा. फक्त एक विनंती, मधल्या वारी जमेल असंच सांगा.

---

जुनं_नाशिक (मंगळवार, रात्री १०.२०)

ताई, वाचायला छान वाटलं, पण तुम्ही चिकन धुवायचं कुठेच लिहिलं नाही. आम्ही भद्रकालीच्या बाजारातून आणतो. समोर कापलेलं असतं, त्याला रक्त असतं, कधी पीस चिकटलेलं असतं. हळद-मीठ लावून तीन पाण्यांतून काढल्याशिवाय माझ्या घरात चिकन शिजत नाही. सासूबाईंनी शिकवलंय.

दुसरं, आमच्याकडच्या मंडळींना रस्सा लागतो. भातावर पातळसर काही नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही.

---

रसायनवाली (मंगळवार, रात्री १०.४५)

काकू, धुण्याबद्दल थोडं सांगू का? शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय निघाला की राहवत नाही.

कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. पाण्याने ते मरत नाहीत. नळाखाली धुतलं की पाण्याचे बारीक शिंतोडे सिंकच्या कडेला, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांच्याबरोबर जिवाणूही. चिकन नंतर शिजतं, कोथिंबीर मात्र आपण कच्ची खातो. म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाचाही सल्ला न धुण्याचा आहे. जिवाणू मरतात ते उष्णतेने. मांस आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की काळजी नाही.

पण बाजारातल्या चिकनला रक्त-पीस असतं हेही खरं. अशा वेळी मी खोल पातेल्यात पाणी घेते, त्यात चिकन अलगद बुडवून हाताने साफ करते आणि पाणी हळूच ओतून टाकते. धो धो नळ नाही. मग सिंक, पातेलं, हात सगळं साबणाने आणि कढत पाण्याने धुते. पीस आणि रक्त निघतं, शिंतोडेही उडत नाहीत. आणि गोदाकाठ ताईंच्या पद्धतीसाठी नंतर मांस कोरडं निथळून, शक्यतो स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायलाच हवं. पाणी १०० अंशाच्या वर जात नाही आणि खरपूस रंग यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. चिकन ओलं असेल तर तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते. तव्यात गर्दी केली की भाजण्याऐवजी उकडतं, ते याच कारणाने.

---

जुनं_नाशिक (मंगळवार, रात्री १०.५८)

पातेल्याचं पटलं. नळ बंद ठेवून करून बघते. कोथिंबिरीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, ती नेहमी सिंकशेजारीच असते.

---

घोटीकर (बुधवार, सकाळी ७.१०)

तांदूळ कुठला ते कुणी बोलायलाच तयार नाही! मी घोटीचा, भातगिरणीच्या धंद्यातला. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसावर पिकलेला इंद्रायणी तुमच्या दाराशी असताना चिकनच्या वाडग्यासाठी बासमती विकत घेऊ नका. बासमती बिर्याणीला. सुटा, लांब दाणा रस धरत नाही, रस सरळ खाली जाऊन वाडग्याच्या तळाशी बसतो. इंद्रायणी आखूड, सुवासिक आणि जरा चिकट. दाणे एकमेकांना धरून राहतात, रस त्यांच्यात मुरतो आणि चमच्याने खायला सोपं जातं. हे वाण आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आलं. वास आंबेमोहोराकडून, उतारा आयआर ८ कडून.

बिघडतं ते पाण्यात. दिवाळीच्या सुमाराला कापणी होते, त्यानंतर दोन-तीन महिने बाजारात येतो तो नवा तांदूळ. त्याच्या अंगात ओल असते. एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुष्कळ झालं. वर्षभर ठेवलेल्या जुन्याला सव्वादोन वाट्यासुद्धा लागतात. दुकानदाराला 'नवा की जुना' हे विचारल्याशिवाय पिशवी उचलायची नाही. आणि दोन किलो घेऊन एकदा घरी शिजवून बघा, मग मोठं पोतं घ्या.

---

सिडको_आई (बुधवार, सकाळी ९.३०)

दादा, माझा इंद्रायणी दर वेळी गिच्च गोळा होतो. पाणी मोजूनच घालते. काय चुकतंय?

---

घोटीकर (बुधवार, सकाळी ९.५५)

ताई, तांदूळ किती वेळा धुता? पाणी पांढरं येणं थांबेपर्यंत, हलक्या हाताने तीन-चार वेळा धुवा. चोळू नका, दाणा मोडतो आणि मोडलेला दाणा पीठ सोडतो. भिजवल्यावर ते पाणी पूर्ण निथळून मग मोजून पाणी घाला. भिजवलेलं पाणी तसंच ठेवून वर आणखी दोन वाट्या घातल्या की गोळाच होणार. दोन शिट्ट्या, गॅस बंद, कुकरची वाफ आपली आपण जिरू द्यायची. झाकण उघडल्यावर लगेच डाव घालायचा नाही. गरम इंद्रायणी ढवळला की संपलं. पाच-सात मिनिटं उघडा ठेवा, वरची वाफ जाऊ द्या, मग कडेने काट्याने उचलून सोडवा.

---

सिडको_आई (बुधवार, सकाळी १०.०५)

भिजवलेलं पाणी मी काढतच नव्हते. आजच करते. मुलं लहान आहेत, काळा मसाला त्यांना तिखट होतो, त्यांचं वेगळं करावं लागेल का?

---

गोदाकाठ (बुधवार, दुपारी १.१५, जेवणाच्या सुट्टीत)

वेगळं काही करू नका, दोन स्वयंपाक झाले तर मग सोय ती कसली! मुरवताना काळा मसाला आणि तिखट घालूच नका, नुसतं मीठ, हळद, आलं-लसूण, दही. सगळं चिकन तसंच भाजा. मुलांच्या वाडग्यात काप, चमचाभर साजूक तूप आणि लिंबू. तव्यातला रस नीट उकळून झाला की त्यांच्यापुरता आधी काढून घ्या आणि उरलेल्यात मोठ्यांसाठी काळा मसाला घालून दोन मिनिटं उकळा. वर ज्याला हवा त्याने ठेचा घ्यावा. माझी धाकटी भाताबरोबर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट मागते. चिकनवर कूट विचित्र वाटेल, पण लिंबू आणि कुटाची जोडी खरंच छान लागते.

घोटीकर दादा, तुमचं वाचून बरं वाटलं. मी इंद्रायणीच वापरते, लिहायचं राहून गेलं कारण घरात दुसरा तांदूळच नसतो. वाफ जिरेपर्यंतचा वेळ तव्याच्या कामाला अगदी बरोबर पुरतो.

जुनं नाशिक काकू, रश्शाचं: पाण्याऐवजी हाडांचं पाणी वापरा. एक किलो लेग पीसची जी हाडं मिळतात ती पाच-सहा मिरी, एक तमालपत्र, अर्धा कांदा आणि लिटरभर पाणी घालून कुकरमध्ये अर्धा तास मंद आचेवर. हे काम रविवारी. गाळून, गार करून फ्रीजरमध्ये. मधल्या वारी त्यातलं दीड वाटी काढायचं आणि तव्यातला रस त्यात वाढवायचा. काळा मसाला अर्धा चमचा जास्त. तुमच्या मंडळींना ओरपता येईल इतका पातळ होतो आणि पाणी घालून वाढवल्याची पाणचट चव राहत नाही.

---

होस्टेल_तिसरा_मजला (बुधवार, दुपारी २.४०)

गंगापूर रोडला रूमवर तिघं राहतो. एक इंडक्शन, एक तीन लिटरचा कुकर, एक डाव. तवा नाही, फ्रीज नाही. मेसला रविवारी रात्री सुट्टी असते. यातलं काही जमेल का?

---

गोदाकाठ (बुधवार, रात्री ८.५०)

जमेल की. फ्रीज नाही म्हणजे रात्रभर मुरवायचं नाही, आणायचं आणि तासाभरात शिजवायला घ्यायचं. तिघांना अर्धा किलो बोनलेस आणि दीड वाटी तांदूळ. दुकानदाराकडूनच मोठ्या सुपारीएवढे तुकडे करून घ्या, तुमच्याकडे सुरी-पाट असेलच असं नाही.

कुकरमध्येच तेल तापवा, अर्धं चिकन घालून चार मिनिटं न हलवता एका बाजूने लाल करा, बाहेर काढा, मग उरलेलं अर्धं. एकदम सगळं घातलंत तर पाणी सुटेल आणि रंग येणार नाही. आता त्यातच दोन कांदे उभे चिरून मऊ करा, आलं-लसूण, हळद, मीठ, दीड चमचा मसाला, एक टोमॅटो. तळाला चिकटलेलं नीट खरवडून घ्या, नाहीतर इंडक्शनवर खाली लागतं. धुऊन निथळलेले तांदूळ, चिकन, आणि अडीच वाट्या गरम पाणी. टोमॅटो-कांद्याचं पाणी सुटतं म्हणून नेहमीपेक्षा थोडं कमी. दोन शिट्ट्या, बंद, वाफ जिरू द्या. वर कच्चा कांदा आणि लिंबू पिळून खा. उरवू नका, फ्रीज नसताना चिकनचा भात सकाळपर्यंत ठेवायचा नाही. उरलाच तर टाकून द्या, पण खाऊ नका.

---

अंबड_सेकंड_शिफ्ट (बुधवार, मध्यरात्री १२.२०)

आत्ता घरी आलोय. माझी अडचण वेगळी. घरचे साडेआठला जेवतात, मी बाराला. बायको झाकून ठेवते, भात थंडगार आणि चिकन चामड्यासारखं. मायक्रोवेव्ह नाही. आणि भात ओट्यावर चार तास असतो, त्याने काही होतं का?

---

रसायनवाली (गुरुवार, सकाळी ६.४५)

दादा, होऊ शकतं. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून 'गरम करून खाल्लं की झालं' हे भाताला लागू नाही. तुमचा भात वेगळा काढून ताटात पसरायचा, म्हणजे लवकर गार होतो, आणि तासाभरात झाकून फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात तर त्याहून उशीर नकोच.

---

गोदाकाठ (गुरुवार, दुपारी १.२०)

चिकन चामड्यासारखं होऊ नये म्हणून वहिनींना सांगा, तुमच्या वाटणीचं शिजवूच नका! मुरवलेलं कच्चं चिकन डब्यात, फ्रीजमध्ये. तुम्ही आल्यावर एका माणसाचं म्हणजे दोन तुकडे, तव्यावर दहा मिनिटं, तेवढ्यात आंघोळ होत नाही पण हातपाय धुऊन होतात. मुरवलेलं कच्चं एक-दोन दिवस फ्रीजमध्ये राहतं, त्यामुळे उद्याचंही त्यातच मुरवता येतं.

तेही नको असेल तर शिजलेलं चिकन कापू नका. अख्खा तुकडा रसात बुडवून ठेवा, कापलेले काप लवकर सुकतात. रात्री कढईत तो रस दोन चमचे पाणी घालून उकळायला ठेवा, तुकडा त्यात घालून झाकण ठेवा. चांगली उकळी फुटून आतपर्यंत कढत व्हायला हवं. भातावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं, वाफा निघेपर्यंत.

---

साखर_सांभाळून (गुरुवार, दुपारी ४.००)

मला मधुमेह आहे, वय ५८. डॉक्टरांनी भात बंद नाही केला, कमी केलाय. घरच्यांचं हे असं वाडगाभर बघून मन होतं. माझ्यासाठी काही फेरफार?

---

गोदाकाठ (गुरुवार, संध्याकाळी ७.५५)

काका, हा वाडगा तुमच्यासाठी उलटा भरायचा. आधी तळाला बारीक चिरलेला कोबी, काकडी, गाजर, मोड आलेले मूग असं भरपूर, त्यावर चिकन, आणि भात बाजूला अर्धी वाटी. रस सगळ्यावर. चिकनचं प्रमाण तेच ठेवा, पोट त्यानेच भरतं.

माझे सासरे भाताऐवजी नागलीची भाकरी घेतात, तीही अर्धी. पेठ-सुरगाण्याकडची नागली त्यांना आवडते. ती रसात कुस्करून वर चिकन. त्यांना चमच्याने खायला मिळतं आणि सगळ्यांबरोबर एकाच वेळी जेवता येतं. काहीही खाल्लंत तरी दोन तासांनी साखर तपासून बघा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

---

साखर_सांभाळून (गुरुवार, रात्री ८.३०)

नागली घरात असतेच. शुक्रवारी सुनेला सांगतो.

---

दिंडोरीचा_मळा (शुक्रवार, सकाळी ८.१५)

वर कच्चं आणि आंबट काहीतरी हवं म्हणालात, तर आमच्या द्राक्षांची आठवण ठेवा. जानेवारी ते मार्च-एप्रिल घरात द्राक्षं पडलेली असतात. पूर्ण गोड झालेली नकोत, जरा आंबूस असलेली हिरवी बिनबियांची घ्या. उभी अर्धी कापायची. पातळ चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर, लिंबू. पंधरा मिनिटं तसंच ठेवलं की त्याचं पाणी सुटतं, ते पाणीही भातावर घाला. काळ्या मसाल्याच्या चिकनबरोबर हे काय लागतं ते खाऊनच कळेल. धुताना मात्र काळजी घ्या, घडावर फवारणी झालेली असते. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मग वाहत्या पाण्याखाली दोनदा चोळून धुवा.

सीझन नसेल तेव्हा आम्ही कैरी घालतो, पावसाळ्यात काकडी-व्हिनेगर.

---

जपानला_जाऊन_आलेला (शुक्रवार, सकाळी १०.४०)

कंपनीतर्फे ट्रेनिंगला काही महिने जपानमध्ये होतो. तिथे भाताच्या वाडग्यावर काहीतरी घालून जेवणं रोजचंच आहे. त्यातला ओयाकोदोन हा प्रकार मी घरी आठवड्यातून एकदा करतोच, कारण यापेक्षा सोपं चिकन मला माहीत नाही. मूळ पद्धतीत दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी, सोया सॉस आणि मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू असते. दाशी-मिरिन इथे सहज मिळत नाही, म्हणून मी गोदाकाठ ताईंसारखं हाडांचं पाणी वापरतो.

दोघांसाठी: पाऊण वाटी हाडांचं पाणी, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साखर. लहान कढईत उकळी आणायची, एक कांदा पातळ उभा चिरून त्यात. कांदा मऊ झाला की २०० ग्रॅम मांडीचं बोनलेस, बोटाच्या पेराएवढे तुकडे. सात-आठ मिनिटांत शिजतं. तीन अंडी काट्याने नुसती मोडायची, फेटायची नाहीत, पांढरं-पिवळं वेगळं दिसलं पाहिजे. धार धरून गोल ओतायची, झाकण. तिकडे अंडं अर्धवट ओलं ठेवतात. मी घरी मुलांसाठी पूर्ण बसेपर्यंत थांबतो, आणखी दीड-दोन मिनिटं. कढईतून सगळं एका घसरणीत भातावर. कांद्याची पात असेल तर वर. मीठ वेगळं घालू नका, सोया सॉसमध्ये भरपूर असतं.

घोटीकरांना सांगायचं म्हणजे तिकडचा तांदूळही आखूड आणि चिकटच असतो. इंद्रायणीवर ओयाकोदोन अगदी जमून येतं.

---

सिडको_आई (शुक्रवार, रात्री ९.१०)

सांगायला आले. बुधवारीच केलं होतं आणि आज पुन्हा. भात मोकळा आणि मऊ झाला! धाकट्याने दोनदा मागून घेतला. फक्त चिकन आतून शिजलं की नाही ही धास्ती वाटत राहते. मोठे तुकडे आहेत, थर्मामीटर कुणाकडे असतो?

---

रसायनवाली (शुक्रवार, रात्री ९.२५)

सगळ्यात जाड तुकड्याला जाड जागीच सुरी खुपसा आणि जरा दाबा. येणारा रस पाण्यासारखा स्वच्छ हवा, आतलं मांस कुठेही कच्चट, काचेसारखं चकचकीत दिसायला नको आणि धागे वेगळे व्हायला हवेत. मांडीच्या मांसाला हाडाशेजारी तांबूस छटा शिजल्यावरही राहते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. शंका आली तर तव्यात वाटीभर गरम पाणी घालून झाकण ठेवा, तीन मिनिटांनी पुन्हा बघा. मांस मांडीचं आहे, कोरडं पडणार नाही. आणि अन्नाचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. ज्या घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई आहे तिथे घ्यावाच.

---

जुनं_नाशिक (शुक्रवार, रात्री १०.०५)

आम्हीही आज केलं. पातेल्यात साफ केलं, फडक्याने टिपलं. रस पातळ केला, यजमानांनी ओरपला. ते म्हणाले रविवारचा रस्सा रविवारी, शुक्रवारी हेच चालेल. हाडांचं पाणी फ्रीजरमध्ये किती दिवस ठेवायचं आणि कशात? माझ्याकडे स्टीलचे डबे आहेत, गोठल्यावर त्यातून निघतच नाही.

---

गोदाकाठ (शुक्रवार, रात्री १०.३०)

काकू, दोन-तीन महिने आरामात राहतं. स्टीलच्या वाट्यांत दीड-दीड वाटी ओतून गोठवा. गोठलं की वाटी क्षणभर कोमट पाण्यात बुडवली की वडी निघते, मग सगळ्या वड्या एका पिशवीत. डब्यात भरायचं असेल तर वरून बोटभर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं आणि झाकण उचलतं. आणि वापरायच्या दिवशी वितळवत बसू नका, वडी तशीच गरम तव्यात टाकायची.

यजमानांना नमस्कार सांगा.